हुमणीचा मारेकरी कोण?

आमच्या शाळेंतील निम्म्याहून अधिक मुलें शेतकऱ्यांच्या घरचीं आहेत. हुमणी म्हणजे काय, हें त्यांना शिकवावें लागत नाहीं. उलट मी येथें नवा आलों तेव्हां त्यांनींच तें मला शिकविलें. उसाचें बेट पिवळें पडूं लागतें, पाणी दिलें तरी त्यास टवटवी येत नाहीं, आणि हातानें जरा ओढतांच सबंध बेट उपटून येतें. खालीं पाहावें तों मुळ्या कुरतडलेल्या, आणि मातींत चंद्रकोरीप्रमाणें वांकलेली, पांढरट अंगाची व तांबूस डोक्याची एक जाड अळी निजलेली. तीच हुमणी. वळवाचे पहिले पाऊस पडले कीं दिवेलागणीच्या सुमारास जमिनींतून भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंब व बाभूळ यांच्या पाल्यावर रात्रीं चरतात, पहाटे पुन्हां मातींत शिरतात आणि तेथें अंडीं घालतात. त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पावसाळाभर मुळ्या खात राहतात. आपल्याकडील एक मुख्य जात होलोट्रिकिया सेराटा ही होय; तिचें हें चक्र वर्षांतून एकदां पुरें होतें. शत्रु जमिनीखालीं दडलेला असल्यामुळें वरून टाकलेलें विष त्याच्यापर्यंत पोंचणें कठीण. आणि पोंचेल इतकें टाकावें, तर तें विहिरीच्या पाण्यापर्यंतहि जाण्याचें भय.

दोन वर्षांमागें भाद्रपद महिन्यांत आठवीच्या वर्गांतील एका मुलानें वडिलांच्या उसांतून एक मेलेली हुमणी डबींत घालून आणली. ती काळी पडली होती, व तिला इतकी दुर्गंधि येत होती कीं, पुढच्या बांकावरील मुलें उठून उभीं राहिलीं. तिच्या अंगांतील एक थेंब मिठाच्या पाण्यांत कालवून आम्हीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला, तों दोऱ्यासारखे शेंकडों बारीक कृमि त्यांत वळवळतांना दिसले. कीटकांना मारणारे सूत्रकृमि जगांत आहेत, हें मीं वाचलें होतें. हेच ते, असें मीं वर्गापुढें मोठ्या आत्मविश्वासानें सांगून टाकलें.

मुलानें ही बातमी घरीं नेली. शिक्षकाच्या शब्दाला खेड्यांतील घरांत अद्यापि वजन असतें. वडिलांनीं त्या वर्षीं जो उपाय करावयाचें ठरविलें होतें तो केला नाहीं. मेलेल्या अळ्या भोंवतालच्या मातीसह गोळा करून त्यांनीं त्या सऱ्यांतून पसरल्या, आणि ते वाट पाहत राहिले. दिवाळीपर्यंत आठ गुंठे ऊस वाळला. ते शाळेंत आले तेव्हां रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरें वाटलें असतें. "मास्तर," ते म्हणाले, "तुमचे किडे उपाशीच राहिले वाटतं."

जें काम मीं सर्वांच्या आधीं करावयास हवें होतें, तें मग केलें. ओल्या मातींत जपून ठेवलेले ते कृमि दहा निरोगी अळ्यांच्या संगतींत सोडले. दहाहि अळ्या सुखानें जगल्या, त्यांनीं कोश केले, आणि पुढें त्यांचे पतंग होऊन उडून गेले. म्हणजे आमचे कृमि मारेकरी नव्हतेच. ती हुमणी दुसऱ्याच कांहीं कारणानें मेली होती, आणि हे तिच्या मृत देहावर जेवावयास आलेले पाहुणे होते. प्रेताजवळ जो सांपडला तोच खुनी, असें ठरविणाऱ्या फौजदाराची जी चूक, तीच माझी. प्रस्तुत लेख त्या चुकीमुळेंच लिहिला जात आहे.

सूत्रकृमि हें नांव ऐकून कित्येक पालकांच्या कपाळास आठी पडेल. कारण टोमॅटोच्या व डाळिंबाच्या मुळ्यांवर गांठी आणणारा जो कृमि, तोहि याच गणगोतांतला. त्याच्या तोंडांत सुईसारखा एक पोकळ भाला असतो; तो मुळींत खुपसून तो रस शोषतो. दुसरा मोठा समूह बिचारा निरुपद्रवी आहे. कुजक्या पदार्थांतील सूक्ष्मजंतु खाऊन तो राहतो, आणि आमच्या काळ्या हुमणींतील मंडळी याच समूहांतली. कीटकांचा प्राण घेणारे त्या मानानें थोडे. त्यांपैकीं स्टाइनरनेमा व हेटेरोरॅब्डायटिस या दोन वंशांचे कृमि शेतीच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचे होत. मुळी भोंसकणारा भाला त्यांना नसतो. पिकाला त्यांच्यापासून भय नाहीं. मनुष्यास, गुराढोरांस व गांडुळांसहि ते बाधत नाहींत.

त्यांची युद्धाची रीत मोठी विलक्षण आहे. मातींत जें हिंडतें तें त्यांचें तिसऱ्या अवस्थेंतील पिल्लू. लांबी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. तें कांहीं खात नाहीं. त्याचें तोंड मिटलेलें असतें, आणि मागच्या अवस्थेंतील कात टाकून न देतां ती त्यानें म्यानासारखी अंगावर ठेवलेली असते. अंगांत सांठविलेल्या चरबीवर तें आठवडेच्या आठवडे काढतें. कांहीं जातींचीं पिल्लें शेपटीवर उभीं राहून वाटसरू कीटकाची वाट पाहतात. कांहीं जातींचीं स्वतःच मातींतून भक्ष्य हुडकीत फिरतात. कीटक भेटला म्हणजे तोंडावाटे, गुदद्वारावाटे किंवा श्वासरंध्रांवाटे तें आंत शिरतें. हेटेरोरॅब्डायटिसच्या पिल्लाला डोक्याशीं एक बारीक दांत असतो. त्यानें तें मऊ त्वचाहि फाडूं शकतें.

पण खरा घाव पिल्लू घालीतच नाहीं. त्याच्या आंतड्यांत एका विशिष्ट वंशाचे सूक्ष्मजंतु सांभाळून ठेवलेले असतात: स्टाइनरनेमाजवळ झेनोरॅब्डस, हेटेरोरॅब्डायटिसजवळ फोटोरॅब्डस. कीटकाच्या रक्तांत पोंचतांच तें त्यांना मोकळें सोडतें. सूक्ष्मजंतु भराभर वाढतात, रक्त दूषित होतें, आणि बहुधा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कीटक मरतो. मग सूक्ष्मजंतु त्या देहाची जणूं पेज करतात, आणि कृमि ती पेज व ते सूक्ष्मजंतु दोन्ही खाऊन वाढतात. एकदोन पिढ्या तेथेंच निघतात. अन्न संपत आलें कीं नव्या पिल्लांचा लोंढा, पोटांत तेच सूक्ष्मजंतु घेऊन, बाहेर पडतो. सूक्ष्मजंतूला एका कीटकांतून दुसऱ्यांत नेणारें वाहन कृमीवांचून नाहीं, आणि कृमीची पंगत सूक्ष्मजंतूवांचून मांडली जात नाहीं.

ही भागीदारी उलगडावयास मनुष्याला बरीच वर्षें लागलीं. १९२३ सालीं स्टाइनर यानें या घराण्यांतील एका कृमीचें प्रथम वर्णन केलें. पुढें १९२९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, हॅडनफील्ड गांवाजवळच्या गोल्फच्या मैदानांत, रुडॉल्फ ग्लेझर याला जपानी भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळ्यांत असाच एक कृमि आढळला. हा भुंगेरा त्या राज्यांत १९१६ सालीं प्रथम दृष्टीस पडला होता. त्याची अळी म्हणजे आमच्या हुमणीची परदेशांतील बहीणच, तीहि गवताच्या मुळ्या खाते. ग्लेझरनें मोठ्या कौशल्यानें ते कृमि कृत्रिम अन्नावर भांड्यांत वाढविले व शेतांत सोडून पाहिले. सूक्ष्मजंतूंचें गुपित मात्र त्याला ठाऊक नव्हतें. भांड्यांतील अन्न नासूं नये म्हणून जो बंदोबस्त करावा, त्यानेंच कृमीचा जोडीदार नाहींसा होण्याचा संभव होता. इतक्यांत दुसरें महायुद्ध संपलें, स्वस्त व झटपट गुण दाखविणारें डी.डी.टी. बाजारांत आलें, आणि लोकांना कृमींची आठवण राहिली नाहीं. त्या पांढऱ्या भुकटीचे दोष ध्यानांत येईपर्यंत पुष्कळ काळ गेला. १९५५ सालीं चेकोस्लोव्हाकियांत वायझर यानें सफरचंद पोंखरणाऱ्या अळींतील कृमीचें वर्णन केलें, आणि १९६० नंतरच्या दशकांत पॉइनार व टॉमस यांनीं सूक्ष्मजंतूचा वाटा उजेडांत आणला.

आपल्या देशांतहि त्याच दशकांत परदेशाहून आणलेल्या कृमींवर प्रयोग झाले. परंतु थंड हवेंतील ते पाहुणे आपल्या उन्हांत फारसे रमले नाहींत. देशी जात हवी होती. ती १९९२ सालीं जगापुढें आली. कोइमतूर येथें उसाच्या शेंडा पोंखरणाऱ्या किडीच्या अळींत ती सांपडली, आणि पॉइनार, करुणाकर व डेव्हिड यांनीं तिचें वर्णन करून तिला आपल्या देशाचें नांव दिलें: हेटेरोरॅब्डायटिस इंडिका. उष्णता ती पुष्कळ सोसते. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन ब्युरोनें याच जातीची पाण्यांत कालविण्याजोगी भुकटी तयार केली आहे.

आतां आमच्या शोधाकडे वळूं. गेल्या वर्षीं श्रावणांत तोच मुलगा पुन्हां डबी घेऊन आला. "सर, ही वेगळी आहे. वास घेऊन बघा." वर्षभर त्याच्याशीं त्या विषयावर बोलण्याचें धैर्य मला झालें नव्हतें, त्याला मात्र तो विषय सुटला नव्हता. डबींतील हुमणी पक्क्या विटेसारखी तांबडी होती. अंग मऊ, पण फुटलेलें नाहीं. आणि दुर्गंधि जवळजवळ नाहींच. हीं तीन चिन्हें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. फोटोरॅब्डस सूक्ष्मजंतु स्वतःचा रंग देहाला देतो, आणि इतर जंतूंना दूर ठेवणारीं द्रव्यें निर्माण करतो. म्हणून देह सडत नाहीं. स्टाइनरनेमानें मारलेला कीटक तांबडा होत नाहीं. तो पिवळट, तपकिरी किंवा करडा दिसतो. काळा पडून नासलेला देह मात्र बहुधा दुसऱ्याच रोगाचा बळी समजावा.

तथापि चिन्हें म्हणजे पुरावा नव्हे, हें मी एकदां शिकलों होतों. रोगजंतु ओळखण्याचा जो दंडक रॉबर्ट कॉख याच्या नांवानें प्रसिद्ध आहे, तोच येथें लागू करावयाचा: संशयित वेगळा काढावा, निरोगी प्राण्यांत घालावा, तोच आजार उत्पन्न झाला पाहिजे, आणि त्यांतून तोच संशयित पुन्हां हातीं लागला पाहिजे.

संशयित वेगळा काढण्याची युक्ति व्हाइट नांवाच्या शास्त्रज्ञानें १९२७ सालीं प्रसिद्ध केली, व ती कोणत्याहि स्वयंपाकघरांतील भांड्यांनीं साधते. एका खोल ताटलींत थोडें स्वच्छ पाणी घालावें. मध्यें एक लहान बशी पालथी ठेवावी. तिच्यावर टिपकागद असा पसरावा कीं, त्याच्या कडा पाण्यांत बुडतील. आणि धुतलेला मृत कीटक त्या ओल्या कागदावर ठेवून वर झांकण घालावें. पिल्लें देहांतून निघाल्यावर ओलाव्याच्या वाटेनें पाण्यांत उतरतात. आमच्या ताटलींत नवव्या दिवशीं पाण्याच्या कडेस दुधासारखी पांढरी साय दिसूं लागली. भिंगांतून पाहतां ती साय हालत होती!

त्या पाण्याचे थेंब आम्हीं एका डबींत ओल्या टिपकागदावर टाकले व त्यावर दहा अळ्या ठेवल्या. दुसऱ्या डबींत तशाच दहा अळ्या, तसाच कागद, परंतु साधें पाणी. ही दुसरी डबी मुलांना निरर्थक वाटली. "सर, तिच्यांत काय होणार?" कांहीं होऊं नये, यासाठींच ती आहे, हें त्यांना पटवावयास एक सबंध तास गेला. अळ्या होत्या मेणपतंगाच्या. मधपेटींतील जुन्या पोळ्यांचा ही अळी नाश करते, म्हणून एका मधपाळानें त्या आनंदानें दिल्या. सूत्रकृमींना ही अळी इतकी सहज बळी पडते कीं, जगभर तीच परीक्षेस घेतात. ती न मिळाल्यास जुन्या तांदळांत जाळी करणारी अळी चालते. ती कोणत्याहि घरांत मिळेल, मात्र आईची परवानगी घ्यावी.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिल्या डबींतील बऱ्याच अळ्या लुळ्या पडल्या होत्या. चौथ्या दिवसापर्यंत दहाहि मेल्या, आणि एकीमागून एक तांबड्या झाल्या. साध्या पाण्याच्या डबींतील सर्व जिवंत होत्या. एक तांबडी अळी चिरून पाहिली. आंत मोठाले पूर्ण वाढलेले कृमि होते, आणि ते सारे अंडीं धरणारे. हेटेरोरॅब्डायटिसच्या पहिल्या पिढींत नर-मादी वेगळे नसतात, एकाच देहांत दोन्ही असतात. स्टाइनरनेमांत बहुधा नर व मादी निरनिराळे आढळतात. उरलेल्या अळ्यांतून पुन्हां तींच पिल्लें निघालीं. आतां वंशाविषयीं आमची खात्री झाली.

आणखी एक साक्ष उरली होती. फोटोरॅब्डस हा मंद प्रकाश देणारा सूक्ष्मजंतु आहे. प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलींत खिडक्यांना घोंगड्या लावून आम्हीं सायंकाळीं बसलों. पहिलीं पांच मिनिटें नुसता अंधार व खोंकला. दहा मिनिटांनीं डोळे अंधाराला सरावले, आणि डबींत फिकट हिरवट अशा दोनचार रेघा दिसूं लागल्या. कोणी बोललें नाहीं. माझ्या वर्गांत इतकी शांतता मीं क्वचितच अनुभविली आहे.

या प्रकाशावरून एक गोष्ट सांगतात. १८६२ सालच्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील यादवी युद्धांत शायलो येथें लढाई झाली. चिखलांत पडलेल्या कांहीं जखमी शिपायांच्या जखमा रात्रीं चमकत होत्या, आणि त्या लवकर भरल्या, अशी आख्यायिका आहे. तेथील दोन हायस्कुली विद्यार्थ्यांनीं असा तर्क मांडला कीं, तो उजेड फोटोरॅब्डसचा असावा. मनुष्याच्या अंगच्या उष्णतेंत तो जंतु टिकत नाहीं, परंतु थंडीनें गारठलेल्या देहांत तो जगला असेल. या प्रयोगाला २००१ सालीं तेथील मोठ्या विज्ञान-प्रदर्शनांत पहिलें बक्षीस मिळालें. आख्यायिकेस त्या काळचा भक्कम पुरावा नाहीं, म्हणून ती मी इतिहास म्हणून सांगत नाहीं. प्रश्न विचारण्याची त्या मुलांची रीत तेवढी आवडली.

जात कोणती, हें मात्र आम्हीं ठरविलें नाहीं. त्यासाठीं पिल्लांचीं व नरांचीं सूक्ष्म मापें घ्यावीं लागतात, आणि हल्लीं आनुवंशिक द्रव्याची तपासणीहि करतात. तें तज्ज्ञाचें काम. तोंपर्यंत आमच्या बाटलीवर "हेटेरोरॅब्डायटिस, जात अज्ञात" एवढीच चिठ्ठी आहे.

ज्यांना स्वतःच्या शेतांत शोध घ्यावयाचा असेल त्यांनीं १९७५ सालीं बेडिंग व अखर्स्ट यांनीं सांगितलेली रीत करावी. सावलींतील ओलसर जागीं वीतभर खोल खणून पांचसहा ठिकाणची माती एकत्र करावी, बरणींत भरून तींत पांचसात मेणपतंगाच्या अळ्या सोडाव्या, झांकण लावून बरणी उलटी करून अंधारांत ठेवावी, व आठवडाभर रोज पाहावें. मेलेली अळी धुऊन ताटलींत ठेवावी. पुढची परीक्षा वर सांगितलीच आहे. काम झाल्यावर हात साबणानें धुवावे.

परीक्षा उत्तीर्ण झाली तेव्हां मुलाचे वडील आपण होऊन आले. "आतां सांगा, किती टाकायचे?" त्यांचा प्रश्न सरळ होता, उत्तर गणिताच्या तासाला मिळालें. सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला २५ पिल्लें, म्हणजे हेक्टरी २५० कोटि, हें प्रमाण धरतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्याला अडीच कोटि पिल्लें लागतील. मेणपतंगाच्या एका अळींतून एक लाख निघालीं असें धरलें, तरी गुंठ्याला २५० अळ्या हव्या. आठ गुंठ्यांना दोन हजार! मुलांचा उत्साह येथें जरा ओसरला. मोठ्या क्षेत्राला तयार भुकटीच घेतली पाहिजे, आणि ती घेतांना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. कृमि हे जिवंत आहेत. उन्हांत तापलेल्या दुकानांत ते पुडींतच मरतात. चिमूटभर भुकटी पाण्यांत भिजवून तासाभरानें भिंगाखालीं पाहावी. काडीनें स्पर्श केला तरी सारे ताठ सुईसारखे पडून राहिले, तर ती पुडी परत करावी.

हुमणी ही मेणपतंगाच्या अळीसारखी भोळी नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तिच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखी जाळी असते, तींतून पिल्लांना शिरतां येत नाहीं. अंगाला चिकटलेले कृमि ती झटकून टाकते. आणि पूर्ण वाढलेली हुमणी लहानीपेक्षां पुष्कळ चिवट. म्हणून कृमि सोडावयाचे ते अळ्या लहान असतांना, म्हणजे पावसाळ्याच्या पूर्वार्धांत. सूर्याचा प्रखर प्रकाश व कोरडी माती त्यांस मारक आहे. सबब दिवस मावळतांना, आधीं भिजविलेल्या जमिनींत ते सोडावे आणि वरून पुन्हां पाणी द्यावें. इतकें करूनहि एकट्या कृमींवर विसंबूं नये. पहिल्या पावसांत निंबावरचे भुंगेरे काठीनें पाडून रॉकेलच्या पाण्यांत बुडविणें, हा जुना उपाय अद्यापि स्वस्त आहे, आणि एक मादी मेली म्हणजे तिचीं सगळीं अंडीं टळलीं.

मुलांनीं आळीपाळीनें जुन्या अळ्यांतून नव्या अळ्यांत पिल्लें चालवून तो वंश वर्षभर जिवंत ठेवला, आणि यंदा आषाढांत एका गुंठ्यापुरतीं पिल्लें तयार केलीं. ज्या रानांत पूर्वीं ऊस वाळला होता त्याच रानांत शेजारीं शेजारीं दोन गुंठे आंखले. एकांत कृमि सोडले, दुसऱ्यांत नुसतें पाणी दिलें. दुसऱ्या गुंठ्याला काय होणार, असें या वेळीं कोणी विचारलें नाहीं. दर पंधरवड्यास दोन्हीकडे फूटभर चौरस खड्डे खणून हुमणी मोजली जाते, व आंकडे वर्गाच्या भिंतीवरील तक्त्यांत भरले जातात. कृमि सोडलेल्या गुंठ्यांत तांबड्या मेलेल्या हुमण्या मिळाल्या, शेजारच्यांत एकहि नाहीं. जिवंत हुमणी मात्र दोन्हीकडे आहे. ऊस तुटल्यावर दोन्ही गुंठ्यांचें वजन वेगवेगळें करावयाचें त्या मुलाच्या वडिलांनीं कबूल केलें आहे, आणि त्या दिवशीं तराजूजवळ मला बोलावलें आहे.